घनसुळ्यावरचे दत्तकविधान

शके सतराशे दोनच्या माघ महिन्यात घनसुळा किल्ला इंग्रजांच्या स्वाधीन झाला. दरवाजा पडला, निशाण उतरले, कुलपांच्या किल्ल्या एका मेजराच्या हातात गेल्या. परंतु ही गोष्ट किल्लेदार खेत्रोजी गव्हाणे यांस मुळीच पसंत नव्हती, त्यांनी ती दफ्तरात लिहू दिली नाही, आणि जे दफ्तरात नाही ते घडले नाही असा त्या काळचा सोयीस्कर रिवाज होता. तेव्हा किल्ला पडलेला नाही. वाचकांनीही तसेच धरून चालावे.

तर, किल्ला उभा होता. पूर्वेकडून उजेड आला तो आधी सुळक्याच्या टोकावर टेकला, मग ईशान्य बुरुजाच्या पाठीवरून, गोळ्यांनी उडवलेल्या चिऱ्यांवरून, अर्धवट जळालेल्या करवंदीच्या जाळ्यांवरून घसरत घसरत खाली दगडात खोदलेल्या टाक्याच्या पाण्यात उतरला. आणि तो पुरता उतरतो न उतरतो तोच समोरच्या टेकडीवरून, रोजच्या नेमाने, इंग्रजांच्या थोरल्या तोफेने दिवसाचा पहिला गोळा सोडला. बुरुजावरचे पहारेकरी वाकले नाहीत. वेढ्याचा एकोणिसावा दिवस होता. वाकायला कोणाची ना नव्हती, वाकल्यावर पुन्हा उठण्याचा कंटाळा होता.

खेत्रोजीराव सदरेच्या पायरीवर बसून राखुंडीने दात घाशीत होते. वय वर्षे एकसष्ट. त्यांपैकी बावीस वर्षे त्यांनी याच गडाची किल्लेदारी केली होती, आणि त्या बावीस वर्षांत एकदाही वेढा न पडल्यामुळे वेढा ही इतर किल्ल्यांवर होणारी गोष्ट आहे अशी त्यांची समजूत झाली होती. माणूस शूर होता. फक्त दमलेला होता, आणि त्यातही शत्रूपेक्षा जास्त पहाटे उठण्याला दमलेला होता.

गडाचे सबनीस गुंडो विश्वनाथ, म्हणजे दफ्तर आणि शिक्का सांभाळणारे पंत, धोतराचा ओला सोगा पिळत वर आले.

"राव, टाक्याच्या भिंतीला चीर गेली."

"केवढी?"

"काल बोट जात होते. आज हात जातो."

"कोणी घातला हात?"

"मीच."

"निघाला ना परत?"

"निघाला."

"मग अजून वेळ आहे, पंत," खेत्रोजीराव म्हणाले आणि त्यांनी चूळ भरायला घेतलेले पाणी थोडे विचार करून परत तांब्यात ओतले.

गडावर पाणी तेवढेच होते. टाके फुटले की एकशे बारा माणसांना, त्यांत बायका आल्या, अंथरुणाला खिळलेले म्हातारे आले, शत्रूचा कौल न घेताच खाली उतरावे लागणार होते. कौल म्हणजे अभयाचे वचन. त्याच्याशिवाय उतरणाऱ्यांचे काय होते हे गडाने पौष महिन्यात वरून पाहिले होते. खालच्या खोऱ्यातल्या एका गढीचे लोक बिनकौल बाहेर आले, आणि पुढचे तीन दिवस खोऱ्यावर घारी फिरत होत्या. तेव्हापासून गडावर त्या बाजूला तोंड करून कोणी जेवत नसे.

टाके ईशान्य बुरुजाच्या पोटाशी होते. आता ईशान्य बुरुजावर तोफ डागण्यासारखे काय होते? काही नव्हते. तिथे दरवाजा नाही, शिडी लागत नाही, खाली दोनशे हात सरळ कडा. माकडेसुद्धा त्या बाजूने येताना एकदा थांबून विचार करीत. पहिले चौदा दिवस इंग्रजांनी शहाण्या माणसांसारखे दरवाज्यावर गोळे टाकले. पंधराव्या दिवशी तोफांची तोंडे बुरुजाकडे वळली. कारण त्या बुरुजावर राहत होता एक इंग्रज.

त्याचे नाव टॉमस हार्लोबी. दोन वर्षांपूर्वी घाटावरच्या पळापळीत कंपनीचे लष्कर मागे हटले तेव्हा हा एका गवताच्या गंजीत लपला, आणि गवताने शिंकला. त्याला घनसुळ्यावर धाडण्यात आले. कैद्याचे काय करावे, असे खेत्रोजीरावांनी पुण्यास सात वेळा लिहून विचारले. उत्तर आले नाही. तेव्हा त्यांनी त्याला जेवू घातले, आणि मग तीच सवय झाली. टॉमस एकतीस वर्षांचा, काठीसारखा सडसडीत, ताप येऊन जाऊन रंगाने पिठासारखा झालेला. गडावर लाकूडफाटा घेऊन येणाऱ्या कोळणींकडून तो मराठी शिकला, त्यामुळे पंतांचे संस्कृत ऐकून तो जसा दचके तसे पंत त्याचे मराठी ऐकून दचकत. सगळे त्याला टामस म्हणत.

पाच दिवसांपूर्वी इंग्रजांच्या छावणीतून पांढरे फडके हलवीत एक जासूद पत्र घेऊन आला. पत्र खालच्या तोफखान्याचा कप्तान एडवर्ड हार्लोबी याचे होते, आणि ते अतिशय अदबशीर होते. त्यात लिहिले होते की आपले थोरले काका विलायतेत निवर्तले, सबब घराण्याचा वंशपरंपरेचा किताब आता तुमच्याकडे आला असून तुम्ही सर टॉमस हार्लोबी, सातवे बॅरोनेट, झाला आहात, अभिनंदन, प्रकृती कशी आहे, आणि गडावर तुमची राहण्याची जागा नेमकी कोणती.

खेत्रोजीरावांना हर्ष झाला. किताबवाला कैदी गडावर आहे म्हटल्यावर शत्रू तोफा आवरणार, हे उघड होते. त्यांनी ईशान्य बुरुजावर एक जादा निशाण चढवले, टामसच्या डोक्यावर अबदागीर धरवली आणि त्याला उत्तर लिहू दिले. टामसनेही साळसूदपणे लिहिले की प्रकृती बेताची, मुक्काम ईशान्य बुरुज, हवा चांगली. दुसऱ्या दिवशी उजाडताच पहिला गोळा बरोबर त्या हवेतून आला.

आज मात्र खेत्रोजीरावांनी टामसला सदरेवर बोलावले. आतल्या दाराआड त्यांची बायको म्हाळसाबाई ज्वारी निवडत बसली होती, म्हणजे मसलतीला हजर होती.

"बस," किल्लेदार म्हणाले. "हा किताब म्हणजे काय ते एकदा नीट सांग. जहागीर आहे का?"

"न्हाई."

"दरबारात बसायची जागा?"

"न्हाई. ती लार्डास्नी. आमी त्येंच्या खाली."

"मग फौज ठेवता येते?"

"उलटं. पावनेदोनशे वर्सांमागं आमच्या बादशानं सांगितलं, जो तीस शिपाई तीन वर्सं पोसंल त्येला ह्यो किताब, पोरापोरी नातवानातवी चालंल असा. आमच्या पणज्याच्या आज्यानं पोसलं."

खेत्रोजीरावांनी बोटांवर हिशेब केला. "मी बावीस वर्षं चाळीस पोसतोय," ते म्हणाले. "पंत, हे पुण्याला कोणी कळवलं नाही?"

"आपण कळवत होतो, राव. कैद्याबद्दलच्या पत्रांतच शेवटी असायचे."

"बरं. मग मिळतं काय शेवटी?"

टामसने मनापासून आठवून पाहिले. "नावाम्होरं सर लावायचं. आन् जेवायला आदी आत जायाचं."

"कोणाच्या आधी?"

"ज्येंच्याकडं किताब न्हाई त्येंच्या."

पंतांना हसू आले. खेत्रोजीरावांना आले नाही. त्यांच्या मूळ गावी पोळ्याच्या दिवशी वेशीतून पहिला बैल कोणाच्या पातीचा निघणार यावरून गव्हाण्यांच्या दोन पात्या, म्हणजे भाऊबंदांच्या दोन शाखा, तीन पिढ्या भांडल्या होत्या. आजा त्यात गेला, दोन चुलते गेले. शेवटी धाकट्या पातीत कोणी उरले नाही आणि थोरल्या पातीत एकटे खेत्रोजीराव उरले, तेही बैल न ठेवता. जेवायला आधी आत जाणे हे काय असते, हे त्यांना त्या सदरेवर सगळ्यांपेक्षा चांगले समजले.

"टामस, हा कप्तान तुझा कोण?"

"चुलतभाव."

"तुला मूलबाळ?"

"बायकूच न्हाई."

"तू मेलास तर किताब कोणाला?"

एवढी साधी गोष्ट पाच दिवस आपल्या लक्षात कशी आली नाही, हे टामसच्या चेहऱ्यावर हळूहळू पसरत गेले. बाहेर आणखी एक गोळा बुरुजावर आदळला, आणि त्याच्या मागोमाग खाली टाक्यात चिऱ्याचा तुकडा पडल्याचा डुबुक आवाज आला.

"त्येलाच," तो म्हणाला.

"भाऊबंदकी," खेत्रोजीराव म्हणाले, आणि इतक्या दिवसांत प्रथमच त्यांना इंग्रज आपलेसे वाटले.

पंतांनी घसा साफ केला. "राव, मी टामसला कालच कोठीत हलवला. पण तोफांना कोण हलवणार? तो कुठे दुसरीकडे आहे असे खाली कळवावे तर पश्चिम बुरुजाखाली दारूखाना आहे आणि दक्षिणेला बायकामाणसे. गड केवढा! माझे स्पष्ट मत विचाराल तर त्याला खाली भावाच्या हवाली करावे. तोफा थांबतील. एका परक्या माणसासाठी एकशे बारा जीव..."

"परका?" दाराआडून म्हाळसाबाई म्हणाली. "पंत, दोन वर्षं माझ्या हातची भाकरी खाऊन त्याने एकदा नाव ठेवलं नाही. तुम्ही दर एकादशीला ठेवता."

"म्या जातो की," टामस उठत म्हणाला. "टाकं फुटण्यापरीस बरं. त्यो मला काय मारायचा न्हाई उघड. मुंबैला न्हेताना ताप यील, वाटंत वैद भेटायचा न्हाई, झालं."

हे तो इतक्या निर्विकारपणे बोलला की पंतही खाली बघू लागले.

"खाली बस," खेत्रोजीराव म्हणाले. "भावाच्या हाती भाऊ मी देत नसतो. आमच्यात नुसते बैल असून इतकी माणसं गेली, तुमच्याकडे तर तोफखाना आहे. पंत, असल्या वेळी आपल्याकडे काय करतात? निपुत्रिक माणूस, चुलतभाऊ टपलेला?"

"दत्तक घेतात," पंत सवयीने म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर त्यांना धडकी भरली.

"आमच्यात न्हाई चालत!" टामस म्हणाला. "पोटचाच लागतो. त्यो बी ल्योक. त्यो बी लग्नाच्या बायकूचा. न्हाई तर भावबंद. त्ये बी न्हाईत तर किताब मरतो."

"किताब मरतो?" खेत्रोजीराव चकित झाले. "माणूस मरतो हे ठीक आहे. वतन कसं मरेल?"

"कायदाच हाय तसा."

"तुमच्या बादशहाला कोणी दुसरी रीत दाखवली नसेल. आपण दाखवू."

आता दत्तक जायचे कोणी? गडावरच्या शिपायांना विचारले. त्यांच्या बायकांनी उत्तर दिले. पंतांचे वडील ब्याण्णव वर्षांचे असून हयात होते आणि मुलगा द्यायला ते नाही म्हणाले असते, कारण त्यांना नाही म्हणण्याची हौस होती. ज्याला आईबाप नाहीत, भाऊबंद नाहीत, मूल नाही, आणि जो गेला तर कोणाचे घर मोडत नाही, असा गडावर एकच पुरुष निघाला. तो स्वतः खेत्रोजीराव.

"राव, दत्तक बापापेक्षा लहान असावा असे शास्त्र आहे," पंत क्षीण आवाजात म्हणाले.

"किती लहान?"

"निदान... मोठा नसावा."

"लिहा, की युद्धकाळ आहे."

असे ते दत्तकविधान त्याच दिवशी दोन प्रहरी, तोफा चालू असताना, भैरवाच्या देवळात झाले. मुलगा देण्यास आईबाप नाहीत म्हणून गुरवाने भैरवाच्या वतीने दिला. साहेबाचे गोत्र कोणाला ठाऊक नव्हते, म्हणून काश्यप धरले. होमाला तूप नव्हते, म्हणून होम मनात केला. साखर नव्हती, गुळाचे खडे वाटले. शेवटी पंत अडखळत म्हणाले की आता पुत्राने पित्याच्या मांडीवर बसायचे असते. आणि एकसष्ट वर्षांचे, अंगापिंडाने भरलेले, गलमिशांचे खेत्रोजी गव्हाणे आपला अंगरखा सावरून त्या काठीसारख्या इंग्रजाच्या मांडीवर बसले. टामस कण्हला, पण हलला नाही. बुरुजावर गोळा पडला, देवळाच्या छताची माती दोघांच्याही डोक्यावर सांडली, आणि पंतांनी त्यालाच अक्षता समजून पुढचा मंत्र म्हटला.

मग खेत्रोजीराव वडिलांच्या पाया पडले. म्हाळसाबाई पुढे झाली. दोन वर्षे ज्याला तिने उष्टे ताट उचलायला सांगितले त्याच्यापुढे तिने डोक्यावरून पदर ओढला, वाकली, आणि उठताना गुडघ्यावर हात ठेवून नवऱ्याला म्हणाली, "पस्तीस वर्षं सासूसासऱ्यांवाचून सुखात गेली. इकडून आता हे आणलं."

"थोडे दिवस सोस," खेत्रोजीराव म्हणाले. "मी खाली जातो, कागद दाखवून येतो."

"एकटं?"

"पंत आले तर दफ्तर कोण सांभाळील?"

तिने आपल्या हाताने त्यांचे पांढरे उपरणे एका काठीला बांधले. गाठ तीनदा बांधली.

दुसऱ्या दिवशी उन्हे वर आल्यावर गडाच्या दरवाज्यातली दिंडी उघडली. बाहेर पडले ते एकटे किल्लेदार, अंगात कोपरावर ठिगळ लावलेला जरीचा जामा, कमरेला काही नाही, एका हातात काठीवरचे उपरणे आणि दुसऱ्या हातात दत्तकपत्राची गुंडाळी. खाली जाणारी पायवाट ईशान्य बुरुजाच्या तळाशी वळसा घालते, आणि जे गोळे बुरुजाला चुकत ते नेमके त्या वळशावर पडत. तटावरून सगळा गड बघत होता. पहिला गोळा त्यांच्या पुढे वीस हातांवर पडला. खेत्रोजीरावांनी जरासे तोंड वाकडे केले, एका दगडावर बसले, चंची काढून पान लावले, आणि तोफ पुन्हा भरायला लागतो तेवढा वेळ मनात धरून, दुसरा गोळा डोक्यावरून गेल्यावर उठून चालू लागले. अशी पाच पाने त्या वळशावर खर्ची पडली. टेकडीवरच्या गोलंदाजांना तो मनुष्य आणि ते पांढरे फडके दिसत नव्हते असे नाही. पण थांबण्याचा हुकूम कप्तानाने दिला नव्हता.

छावणीत मेजर ऑल्ड्रिज तंबूबाहेर न्याहारीला बसला होता. तो पन्नाशीचा, दोन मोहिमांपूर्वीच घरी जायला हवा होता असा माणूस. त्याच्या पुढे दोन उकडलेली अंडी होती आणि ती फोडण्याचाही त्याला उत्साह नव्हता. चारपाच अंमलदार उभे होते, त्यांत कप्तान एडवर्ड हार्लोबी, गोरापान, नीटनेटका, नुकती दाढी केलेला. मुंबईचा दुभाष्या पुढे झाला.

खेत्रोजीरावांनी मुजरा केला आणि सावकाश, दरबारी रीतीने सांगितले, "आमचे तीर्थरूप सर टामस हार्लोबी, मुक्काम ईशान्य बुरुज, किल्ले घनसुळा, यांस गेले काही दिवस आपल्या तोफांपासून उपद्रव होत आहे. पुत्राचे कर्तव्य म्हणून विनंती करण्यास हजर झालो."

दुभाष्याने ते दोनदा विचारून घेतले आणि मग, नोकरी जाईल की काय अशा आवाजात, सांगितले.

मेजरने वर पाहिले. "याचा बाप वर आहे?"

"होय."

"बापाचे वय काय?"

"एकतीस."

"आणि याचे?"

"एकसष्ट," खेत्रोजीराव म्हणाले. "पण कागद कालचा आहे."

कप्तान पुढे सरसावला. त्याचा हात पिस्तुलाच्या मुठीवर होता. "साहेब, हा मनुष्य वेडा तरी आहे किंवा हेर तरी. याला इथेच अडकवून ठेवावे. किल्लेदार हाती लागला की किल्ला संध्याकाळपर्यंत येतो."

दुभाष्याने हेही सांगितले. खेत्रोजीरावांनी मान डोलावली. "ठेवा की. पण मग गडावर शरण येण्याचा हुकूम देणारा कोणी राहत नाही. पंत स्वतःहून कशावरच सही करत नाहीत. बावीस वर्षं मी बघतोय."

ते तिथेच जमिनीवर मांडी घालून बसले. कप्तानाने पिस्तूल अर्धे बाहेर काढले होते. खेत्रोजीरावांनी त्याच्याकडे पाहिले नाही. त्यांची नजर अंड्यांवर होती. भीती वाटत नव्हती असे नाही. बसल्या जागेवरूनच त्यांनी गुंडाळी मेजरकडे पुढे केली.

मेजरने दत्तकपत्र हातात घेतले. मोडी वाचता येण्याचा प्रश्न नव्हता, पण खाली टामसची सही होती. ती त्याने बराच वेळ बघितली. "कप्तान, तुमचा चुलतभाऊ त्या बुरुजावर कैदेत आहे?"

"हा कागद खोटा आहे, साहेब. बॅरोनेटचा किताब दत्तकाला जातच नाही."

"मी किताबाबद्दल विचारले नाही."

"कायद्याप्रमाणे तो फक्त रक्ताच्या वारसाला जातो!" कप्तान म्हणाला. त्याचा गोरा चेहरा तांबडा झाला होता. ज्या गोष्टीसाठी तो इतके दिवस गोळे टाकत होता ती एका ठिगळाच्या जाम्यातला म्हातारा गुंडाळीत घालून घेऊन आला होता, आणि ते त्याला क्षणभरही सहन झाले नाही. "या असल्या माणसाला नव्हे. रक्ताच्या वारसाला."

"बरोबर," मेजर म्हणाला. "आणि रक्ताचा वारस कोण?"

अंमलदार आपापल्या बुटांकडे पाहू लागले. टेकडीवर तोफ उडाली. बुरुजावरून धुरळा उठला आणि वाऱ्याने हळूहळू विरला. कप्तानाला खोटे बोलता आले असते. पण ती पदवी अशी होती की तिच्याबद्दल खोटे बोलणे त्याला शिकवलेच नव्हते. पाळण्यात असल्यापासून त्याला या एका प्रश्नाचे उत्तर पाठ होते.

"मी," तो म्हणाला.

मेजरने एक अंडे फोडले, आत पाहिले आणि बाजूला सारले. "त्या बुरुजाला दरवाजा आहे?"

"नाही."

"शिडी लागेल?"

"नाही, साहेब."

"तोफा दरवाज्याकडे फिरवा. आणि तोफखाना दुसऱ्या कोणाकडे द्या."

दुभाष्याने सांगितले तेव्हा खेत्रोजीराव उठले आणि पुन्हा मुजरा केला. "आमच्या दरवाज्यावर तोफा डागणार, फार उपकार झाले." या वाक्याचे दुभाष्याने भाषांतर केले नाही. तो फक्त म्हणाला, आभारी आहे.

दरवाजा आणखी तीन दिवस टिकला. टाके शाबूत राहिले. त्यातल्या पाण्यावर एकशे बारा माणसांनी ते तीन दिवस काढले आणि मेजरशी वाटाघाट करून कौल मिळवला, शिपायांनी हत्यारांसह, बायकामाणसांनी डोल्यांतून उतरावे असा. कौलावर खेत्रोजीरावांची सही होती, त्यामुळे शेवटी पंतांचीही झाली. किल्ला पडलेला नाही हे आपले आधीच ठरले आहे. तेव्हा एवढेच म्हणायचे, की त्या दिवशी गडावरची सगळी माणसे आपापली भांडी घेऊन खाली आली आणि पुन्हा वर गेली नाहीत. खोऱ्यावर घारी नव्हत्या.

खालच्या नाक्यावर टामसला इंग्रजांकडे सोपवायचे होते. त्याच्यासाठी स्वच्छ सदरा आणला होता, पण त्याने गडावरचीच बंडी घातली होती. खेत्रोजीराव पाया पडायला वाकले तेव्हा त्याने त्यांना अर्ध्यातून धरले.

"ऱ्हाऊ द्ये, पोरा. तुझी कंबर."

मग तो म्हाळसाबाईकडे वळला. तिने पदर ओढून घेतला होता, त्यामुळे तिचे तोंड दिसत नव्हते.

"सूनबाय, येळेवर जेवत जा. समद्यांच्या मागनं जेवतीस रोज."

मेजरने स्वतःचा घोडा टामसला दिला आणि आपण पायी चालू लागला.

पुढे फारसे काही झाले नाही. मेजरने कप्तानाविरुद्ध वर लिहून पाठवले. वरून उत्तर आले, तोफांची दिशा दोनदा का बदलली आणि दारू वाया का गेली याचा खुलासा करावा. टामस मुंबईला पोचला, त्याला जहाज मिळेना, ताप मात्र मिळाला, आणि चार महिन्यांत तो गेला. त्याला तिथल्या इंग्रजांच्या गोरस्तानात पुरले. कायद्याप्रमाणे त्याच क्षणी, कोणी काही न करता, एडवर्ड हार्लोबी हा आठवा बॅरोनेट झाला. एवढे सगळे होऊन किताब जिथे जाणार होता तिथेच गेला, आणि त्याला वाटेत कुठे खरचटलेसुद्धा नाही.

खेत्रोजीराव तेव्हा बायकोच्या माहेरी, पिंपळदऱ्याला, मेहुण्याच्या गोठ्याशेजारच्या खोलीत राहत होते. दुभाष्याचे पत्र आले ते पंतांनी वाचून दाखवले. पंतही तिथेच येऊन राहिले होते, कारण दफ्तर होते आणि ते ठेवायला दुसरी जागा नव्हती. खेत्रोजीरावांनी ओढ्यावर जाऊन आंघोळ केली आणि गलमिशा उतरवल्या. दहा दिवस चपलांवाचून हिंडले. गावचा पाटील विचारायला आला.

"रावसाहेब, कोण गेलं?"

"वडील."

"तुमचे वडील जाऊन पस्तीस वर्षं झाली की."

"हे दुसरे," खेत्रोजीराव म्हणाले.

पाटलाने डोक्यावरचे मुंडासे काढून हातात घेतले आणि शेजारी बसला.

अकराव्या दिवशी म्हाळसाबाईने सगळ्यांच्या आधी स्वतःचे पान वाढून घेतले, आणि ती रडत जेवली. बाराव्या दिवशी खेत्रोजीरावांनी पंतांस अर्ज लिहावयास सांगितले. त्याची नक्कल ती अशी:

"विलायतेचे बादशहा यांचे हुजुरास, पोष्य खेत्रोजी बिन सर टामस हार्लोबी, हल्ली वस्ती मौजे पिंपळदरे, कृतानेक मुजरे. विनंती ऐसीजे, आमचे तीर्थरूप सातवे बॅरोनेट मुंबई मुक्कामी कैलासवासी जाहले. किताब चुलते एडवर्ड याजकडे गेला, त्यास आमची हरकत नाही. तो आम्हांस नको, व घरात ठेवावयास जागाही नाही. परंतु तीर्थरूपांच्या अस्थी मुंबईस मातीत ठेविल्या आहेत, आणि त्या पुत्राचे हाती देण्याचा रिवाज सर्व मुलखांत आहे, तो हुजुरांसही ठाऊक असेलच. तरी मेहेरबानी करून मुंबईकरांस ताकीद व्हावी, की सदरहू अस्थी उकरून, धुतलेल्या फडक्यात बांधून, भरवशाचे माणसाबरोबर मौजे मजकुरी पोचत्या कराव्यात. येथून गोदावरी दोन दिवसांची वाट आहे, पुढचे आम्ही पाहू. सून म्हाळसाबाई हिचे गुडघे धरले असल्याने तिजला मुंबईपावेतो चालवत नाही, नाहीतर हुजुरांस तसदी दिली नसती. आमचेही वय जाहले. सबब याचे उत्तर येत्या पितृपक्षाचे आत पाठविण्याची आज्ञा व्हावी. ही विज्ञापना."